हस्तकला विभाग, उत्तेजनार्थ

आमच्या कट्टा गावच्या सभागृहात शिरलं की डाव्या हाताला काचेची पेटी आहे. तिच्यात एक लाकडी कॉम्प्युटर ठेवलाय. लाखेची लाल बटणं, हिरवी चौकट, कडेला पोपट. आत निळे, लाल, पिवळे दिवे लुकलुकतात. वर पाटी आहे : 'आद्य संगणकमहर्षी कै. फॉस्टिनबाब यांचे विश्वविख्यात यंत्र. चालू स्थितीत.'

चालू स्थितीत म्हणजे दिवे लागतात.

फॉस्टिनबाब जाऊन महिना होऊन गेला. पाटी ते असतानाच तयार झाली होती. 'कै.' तेवढं मागाहून रंगवून घेतलं. नीट पाहिलं तर त्या अक्षराचा रंग वेगळा दिसतो. कोणी नीट पाहत नाही.

माझी त्यांची ओळख चार वर्षांची. आईचा मिक्सर घेऊन गेलो होतो. कट्ट्यापासून दीड किलोमीटरवर, रस्त्याखाली उतरलं की त्यांचं घर. पुढच्या पडवीत लांब टेबल. टेबलावर पोट उघडं टाकून पडलेले टीव्ही, पंखे, इस्त्र्या. वय सत्तरीच्या पुढे. चष्मा कपाळावर.

"काय करतंस तू?" मिक्सर उलटा करत त्यांनी विचारलं.

"मराठीत एम. ए. झालंय."

"अरे वा. मगे हो स्क्रू धर. हरवलो तर तेच्यार कविता करूची लागात."

मी स्क्रू धरला. पुढे जवळजवळ रोजच धरत गेलो. सावंतवाडीच्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवायचो. उरलेला वेळ त्यांच्या पडवीत. एकदा त्यांना अंकल म्हटलं तर म्हणाले, "तुजो बापूस माजो भाऊ कधी झालो?" तेव्हापासून फॉस्टिनबाब.

पडवीच्या टोकाला संडास होता. त्याच्या दाराला आतून एक प्रमाणपत्र चिकटवलेलं होतं. बसलं की बरोबर डोळ्यांसमोर यायचं. 'विज्ञान व हस्तकला प्रदर्शन, १९८५. श्री. फॉस्टिन यांस हस्तकला विभागात उत्तेजनार्थ.' शेरा : 'रंगकाम उठावदार.'

"ह्यां कसला?" मी विचारलं.

"माजां नोबेल," ते म्हणाले.

मग हळूहळू, तुकड्यातुकड्यांनी, ते कळत गेलं.

फॉस्टिनबाब मालवाहू बोटीवर इलेक्ट्रिशियन होते. १९८२ साली एका परदेशी बंदरातल्या दुकानाच्या काचेत त्यांनी घरी वापरायचा कॉम्प्युटर पाहिला. घरच्या टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर लिहिलेलं साठवायचं. तासभर ते काचेसमोर उभे राहिले. कॉम्प्युटर घेतला नाही. नुसत्या चिपा घेतल्या आणि दोन पुस्तकं. का, तर त्या यंत्राला इंग्रजीशिवाय काही येत नव्हतं.

"माजी आवस काय वाचतली तेच्यार?" असं त्यांचं म्हणणं.

आई त्यावेळी सत्तर वर्षांची होती आणि तिला कॉम्प्युटर नको होता. हे त्यांच्या लक्षात आलं नाही. असल्या गोष्टी त्यांच्या कधीच लक्षात आल्या नाहीत.

नोकरी सोडून ते घरी आले. दोन वर्षं पडवीत बसून सोल्डरिंग केलं. आलेखाच्या कागदावर ठिपक्या-ठिपक्यांनी मराठी अक्षरं बसवली. एकट्या 'क्ष'ला आठवडा लागला. परदेशी यंत्रं चालू झाली की पडद्यावर इंग्रजीत सांगत, मी तयार आहे. फॉस्टिनबाबांचं यंत्र मालवणीत विचारायचं, 'काय व्हया?', म्हणजे काय हवंय, आणि चुकीचं काही टाइप केलं तर म्हणायचं, 'कळला नाय. परत सांग.'

त्यांची बायको फेलिसिदादबाय मला म्हणाली होती, "घरात एक होतोच तसलो. हेनी दुसरो केल्यांनी."

यंत्र चालू झालं त्याच वर्षी मुलगी झाली. तिचं नाव डेल्सी. यंत्राचंही डेल्सी.

आता खोकं हवं होतं. प्लास्टिकचा साचा परवडणारा नव्हता. म्हणून ते सावंतवाडीला गेले, लाकडी खेळणी करणाऱ्यांकडे. कारागिराने लाकूड उत्तम कापलं. बटणं कातून लाख चढवली. त्याच्या घरातल्या जानकीआजीने बारीक ब्रशने बटणांवर अक्षरं काढली. एकाही अक्षराचा काना वाकडा गेला नाही. उजवीकडे थोडी जागा उरली. तिथे आजीने पोपट काढला.

"हो पोपट कित्याक?" फॉस्टिनबाबांनी विचारलं.

"मोकळी जागा बरी दिसत नाय," आजी म्हणाली.

त्या पोपटाने घात केला. दोष मात्र पोपटाचा नव्हता.

प्रदर्शनाच्या दिवशी फॉस्टिनबाब डोक्यावर टीव्ही आणि काखेत लाकडी डेल्सी घेऊन कट्ट्याला गेले. व्यवस्थापकांनी पोपट पाहिला आणि त्यांना हस्तकलेच्या टेबलाकडे पाठवलं. सावंतवाडीची वस्तू, लाख, पोपट. अजून काय असणार? विज्ञानाचं टेबल भिंतीलगत होतं, तिथे प्लग होता. हस्तकलेचं टेबल हॉलच्या मधोमध. एका बाजूला भरतकामाचे रुमाल, दुसऱ्या बाजूला नारळाच्या करवंटीतली माकडं. प्लग नाही. दोन दिवस फॉस्टिनबाब बंद टीव्हीशेजारी उभे होते. येईल त्याला सांगत होते, ह्यां यंत्र आसा. लोक बटणं दाबून बघत. "किती गुळगुळीत!" म्हणत आणि माकडांकडे जात.

पहिला नंबर शिंपल्यांच्या जहाजाला मिळाला.

म्हणजे कट्ट्याने तो कॉम्प्युटर चालू झालेला पाहिलाच नाही. फॉस्टिनबाबांच्या मनात पुढची चाळीस वर्षं तेवढं एकच राहिलं. नाव नको होतं, बक्षीस नको होतं. कट्ट्याने एकदा तो पडदा बघायचा, बस.

तशी अकरा यंत्रं त्यांनी बनवली. एक घरी ठेवलं, दहा गेली. म्हणजे लोकांनी नेली. मालवणपासून शिरोड्यापर्यंत. एकाही माणसाने ती टीव्हीला जोडली नाहीत. शोकेसमध्ये ठेवली, लाकडी केळी आणि लाकडी सीताफळांच्या शेजारी. तीन तर लग्नात रुखवतावर मांडली गेली. नवऱ्या मुलीने स्वतः विणलेलं तोरण, नवऱ्या मुलीने केलेले पोह्यांचे लाडू आणि कॉम्प्युटर. व्याह्यांनी विचारलं म्हणे, ह्येच्यात कुंकू ठेवतत काय?

घरचं यंत्र १९९१ मध्ये वीज पडून जळालं. ज्या वह्यांत सगळी आज्ञावली लिहिलेली होती त्या वाळवीने खाल्ल्या. फॉस्टिनबाब मिक्सर दुरुस्त करायला लागले.

गेल्या वर्षी डेल्सीने लिस्बनहून जुना फोटो इंटरनेटवर टाकला. बाप, पोपट, पडद्यावर 'काय व्हया?' परदेशातल्या कोण्या संग्रहालयवाल्याने तो पाहिला आणि लिहिलं की घरी वापरायचा, भारतीय लिपीतला इतका जुना कॉम्प्युटर आपण दुसरा पाहिलेला नाही. पेपरात चार ओळींची बातमी आली. चार ओळी कट्ट्याला पुष्कळ होतात.

आठवड्यात भाई हजर. भाईंचं कट्ट्यावर सिमेंट आणि पत्र्यांचं दुकान आहे. कुठलीही समिती निघाली की अध्यक्ष तेच. समिती निघायच्या आधीपासूनच अध्यक्ष असतात.

"फॉस्टिनबाब! येवढी मोठी गोष्ट, आणि तुमी आमका कधी सांगलास नाय!"

"पंच्याऐंशी साली सांगलंय. तू माज्या बाजूकच होतंस. तुजो पयलो नंबर इलो."

भाई खूष झाले. "शिंपल्यांचां जहाज! अजून आसा घरात. दर दिवाळीक पुसतंय."

"बरा करतंस."

"तुमचो सत्कार करूचो आसा. शाल, श्रीफळ, मानपत्र. आमदारांका बोलवतंय."

फॉस्टिनबाब हातातल्या पंख्याची कॉइल सोडवत होते. ती पूर्ण सोडवली.

"शाल नको," शेवटी म्हणाले. "प्लग व्हयो."

"म्हंजे?"

"स्टेजवर टीव्ही ठेवा. मी यंत्र चालू करून दाखवतलंय. तां होतला तर येतंय. नायतर आमदारांका शाल घाला, ते थंडच असतत."

भाईंनी मान डोलावली. सत्कार तीन महिन्यांवर ठरला. अडचण इतकीच की चालणारं यंत्र नव्हतं.

आज्ञावली एका चिपेत भरलेली असते. वह्या गेल्या होत्या, घरची चिप जळाली होती. बाकीच्या दहांतल्या एखादीत ती शाबूत असली तर असली. बाकी सगळं नव्याने जोडता आलं असतं, पण ती चिप जगात दुसरीकडे कुठे मिळणार नव्हती.

आम्ही माझ्या स्कूटरवरून शोधायला निघालो. ते मागे बसत, मांडीवर हत्यारांची पिशवी. सहा घरांत लोकच राहिलेले नव्हते. एका घरात आतलं सगळं भंगारात देऊन खोक्यात औषधं ठेवली होती. दुसरीकडे ते उलटं करून त्यावर चतुर्थीला गणपती बसवत. "वजन बरा पेलता," घरचा माणूस म्हणाला. फॉस्टिनबाब हात जोडून उभे राहिले. "देवाच्या कामाक तरी इला."

आचऱ्याला सुगंधाबायकडे यंत्र जसंच्या तसं होतं. उघडलं. तारा, चिपा, सगळं जागेवर. धुळीचा कण नाही. माझा जीव भांड्यात पडला.

मग फॉस्टिनबाबांनी चष्मा खाली ओढला आणि विचारलं, "बाये, हयसर काळो कागद होतो. खंय गेलो?"

त्या चिपेला वरून बोटाच्या पेराएवढी काच असते. तिच्यातून कडक ऊन आत गेलं की लिहिलेलं पुसलं जातं. म्हणून प्रत्येक काचेवर त्यांनी काळा कागद चिकटवला होता.

"तो मियां काडलंय," सुगंधाबाय म्हणाली. "तेच्या खाली कसर धरता. दर मे म्हैन्यात झाकण काडून उन्हात घालतंय. एका बाजूक सांडगे, एका बाजूक ह्यां. बगा, बुरशीचो डाग नाय."

"नाय," फॉस्टिनबाब म्हणाले. "एकदम स्वच्छ केलंस."

तिने आम्हाला त्याच उन्हातले सांडगे तळून दिले. ते त्यांनी खाल्ले. परत निघालो. मालवणच्या जवळ आल्यावर म्हणाले, "अडतीस वर्सां तिना तेची सेवा केल्यान. इतक्या जपून कोणी कायेक मारूक नसात."

शेवटचं यंत्र शिरोड्याला. विमलाबाई, निवृत्त शिक्षिका. माडांच्या बागेत घर, दोन खोल्या पर्यटकांना भाड्याने. तीन रुखवतांतलं एक त्यांचं. शोकेसमध्ये लाकडी आंबा, लाकडी फणस, डेल्सी.

"पर्यटक फोटो काढतात," त्या म्हणाल्या. शिक्षिकेला शोभेल अशा मराठीत बोलत होत्या. "मी कधी उघडलं नाही. कसं वापरायचं ते कोणी सांगितलं नाही. न समजणाऱ्या वस्तूला हात लावू नये."

फॉस्टिनबाबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की मला वाटलं आता पाया पडतात.

स्क्रू काढले. मी धरले. काळा कागद जागेवर होता.

घरी आणून त्यांनी तीन दिवस काम केलं. सुकलेले भाग बदलले, वीज आत घेणारा भाग नवा बसवला. तिसऱ्या दिवशी दुपारी जुन्या टीव्हीला तार लावली. आधी नुसती मुंग्यांसारखी ठिपक्यांची गर्दी. मग काळा पडदा. मग डाव्या कोपऱ्यात पांढरी अक्षरं.

काय व्हया?

फेलिसिदादबाय हात पुसत बाहेर आली. पडद्याकडे पाहिलं. "चाळीस वर्सां झाली. अजून तांच विचारता. च्या ठेवू?"

"ठेव," फॉस्टिनबाब म्हणाले. त्यांनी दोन बोटांनी 'चहा' टाइप केलं.

'कळला नाय. परत सांग.'

त्यांना हसताना मी पुष्कळदा पाहिलं होतं. इतक्या मोठ्याने कधी नाही.

सत्काराच्या दोन दिवस आधी भाईंचा निरोप आला. यंत्र आधी पाठवा, स्टेज सजवायचा आहे. फॉस्टिनबाब म्हणाले, मी स्वतःच नेतंय. मी म्हटलं, कशाला, मी पोचवतो. मी चादरीत गुंडाळून नेलं आणि भाईंच्या हातात दिलं. त्यांनी पावती दिली नाही, मी मागितली नाही. हे मी लिहून ठेवतोय, कारण बाकीच्यांची नावं लिहिणार असेन तर माझंही यायला हवं.

रविवार, सकाळी अकरा. सभागृह भरलेलं. स्टेजवर मखमल, मखमलीवर डेल्सी. शेजारी मोठा पडदा, त्यावर भाईंचे आणि आमदारांचे फोटो एकामागून एक. संडासातलं प्रमाणपत्र कोणीतरी मागून नेलं होतं; फ्रेम करून हार घातला होता. आमदार आले नाहीत. भाषणं झाली. एका वक्त्याने फॉस्टिनबाबांना कोकणचा कोहिनूर म्हटलं. दुसरा त्यांना फर्नांडिस म्हणत राहिला. ते फर्नांडिस नव्हते.

शेवटी भाई माइकवर आले. "आणि आता, बंधूभगिनींनो, ज्या क्षणाची आपण चाळीस वर्षं वाट पाहिली!"

फॉस्टिनबाब उठले. पांढरा शर्ट, इस्त्री केलेली पँट. खिशात स्क्रूड्रायव्हर, सवयीने. मखमलीजवळ गेले. भिंतीत प्लग होता. त्यांनी तो मला दाखवला, बोटाने. मी पहिल्या रांगेत होतो. मग त्यांनी बटण दाबलं.

डेल्सीच्या पोटात दिवे लागले. निळे, लाल, पिवळे. लुकलुक, लुकलुक. पोपट एकदा निळा झाला, एकदा लाल. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबेनात.

फॉस्टिनबाब टीव्हीची तार शोधत होते. तार नव्हती. त्यांनी यंत्र उचललं. ते त्यांच्या हातात फार सहज उचललं गेलं. उलटं केलं. आत थर्मोकोल चिकटवला होता, त्यात दिव्यांची माळ.

बाबली स्टेजच्या कडेला होता. जत्रा, लग्नं, गणपती, सगळीकडची रोषणाई तोच करतो.

"आतला खंय?" फॉस्टिनबाबांनी विचारलं.

"तां जुना होता," बाबली हळू म्हणाला. "लायटी बसत नव्हत्यो. भाई बोलले, लांबसून पेटलेला दिसाक व्हया."

भाई माइकवर होते. "टाळ्या! जोरदार टाळ्या!"

मग माइक फॉस्टिनबाबांकडे दिला. ते लोकांकडे बघत राहिले. मी एम. ए. आहे. त्या बघण्याला शब्द सापडत नाही.

"कट्टेकरांनू," ते म्हणाले. "पंच्याऐंशी साली टेबलाक प्लग नव्हतो. आज प्लग आसा." माइक परत द्यायला हात पुढे केला. "आता जेवून जावा."

लोक खूप हसले. "किती विनोदी माणूस!" भाई म्हणाले आणि शाल घातली.

त्या दुपारी मी सभागृहाच्या मागे सगळा कचरा उपसला. पत्रावळी, फुलं, थर्मोकोल. बाबली वेंगुर्ल्याकडच्या जत्रांना गेला होता, फोन लागत नव्हता. भाई म्हणाले, "अरे, आतल्या भंगाराचां काय घेऊन बसलंस? नवीन बसवतंय मी, अजून भारी. फिरत्या लायटी."

मी घरी येऊन सांगितलं, सापडलं नाही. फॉस्टिनबाब म्हणाले, "बरा." शाल त्यांनी बिघडलेल्या फ्रीजवर घातली. त्यानंतर पडवीत बसत, पण हत्यारं हातात घेतली नाहीत. लोकांचे मिक्सर परत पाठवले. अकराव्या दिवशी सकाळी खुर्चीतच गेले. डॉक्टरांनी हृदय म्हटलं. मी काही म्हणत नाही.

अंत्यविधीला भाई आले. चर्चच्या दारात मला बाजूला घेऊन म्हणाले, "बरा झाला, हयात आसतानाच सत्कार केलो. मागसून रुखरूख लागली असती."

महिन्याच्या मिसेच्या, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेच्या, आदल्या दिवशी बाबली पडवीत आला. हातात सिमेंटची पिशवी.

"ह्यां त्येतला आसा," तो म्हणाला. "भाई बोलले, फेकून दी. तांबा निघतला म्हणून घराकडे व्हरलंय. मगे नीट बगलंय." पिशवी टेबलावर ठेवली. "मी वीस वर्सां सोल्डरिंग करतंय. असा काम माका येवचा नाय. फेकूक हात झालो नाय."

"जत्रेक जावच्या आदी कित्याक नाय सांगलंस?" मी विचारलं.

"तेव्हा खंय बगलेलंय?"

फेलिसिदादबायने त्याला बस म्हटलं नाही. चहा मात्र दिला.

मी पिशवी उघडली. तारा ओढून तोडल्या होत्या. काळा कागद एका कोपऱ्यातून सुटला होता, पण काचेवर होता. चार वर्षं मी नुसते स्क्रू धरले असं मला वाटत होतं. पण कुठली तार कुठे जाते ते हातांना माहीत होतं. बाबलीने इस्त्री तापवली, सोल्डरिंगची. त्याने डाग दिले, मी जागा दाखवली. घरच्या हॉलमध्ये डेल्सीने लिस्बनहून पाठवलेला मोठा टीव्ही आहे. त्याला जोडलं. खोकं नाही, पोपट नाही, पाटावर नुसती तारांची गुंडाळी.

मुंग्या. काळा पडदा. मग कोपऱ्यात,

काय व्हया?

एवढ्या मोठ्या टीव्हीवर ती अक्षरं हाताएवढी दिसत होती.

बाबली उभाच राहिला. "आवशीक! ह्यां मी भंगारात देवचा होतंय?"

फेलिसिदादबाय पडद्याकडे बघत होती. तिने विचारलं, "बटणां?"

बटणं काचेच्या पेटीत होती. सभागृहात, डाव्या हाताला, कुलपात. यंत्र विचारत होतं आणि उत्तर द्यायला काही नव्हतं.

"मी आणतंय मागून," बाबली म्हणाला. "भाईंका सांगतंय."

"नको," ती म्हणाली. "कोणाक कायेक सांगा नको. उद्या सगळो कट्टो हयसर येतलो. असोच चालू ठेव."

दुसऱ्या दिवशी मिस झाली आणि सगळे घरी आले. चहा, केक, उकडलेले चणे. हॉल भरला, पडवी भरली. भाई होते, समिती होती, फर्नांडिस म्हणणारा वक्ता होता. फॉस्टिनबाबांचा फोटो टीव्हीच्या शेजारीच ठेवला होता. त्याला फुलं वाहायला प्रत्येकजण टीव्हीसमोरून गेला. पडदा प्रत्येकाला विचारत होता.

चाळीस वर्षांनी कट्ट्याने तो पाहिला. चालू स्थितीत. दीड तास.

कोणी चणे खाताखाता वाचलं आणि आणखी मूठभर घेतले. एकजण म्हणाला, हल्ली जाहिराती मालवणीतसून येतत. सुगंधाबाय आचऱ्याहून आली होती. तिने पाटावरच्या तारा पाहिल्या आणि मला सांगितलं, धूळ बसात, झाकून ठेव. बाबली दारात उभा होता. तो दोनदा बोलायला पुढे झाला. फेलिसिदादबायने दोन्ही वेळा त्याच्याकडे पाहिलं.

निघताना भाई टीव्हीसमोर थांबले. रिमोट उचलला, दोन-तीन बटणं दाबली. काही बदललं नाही. पडदा तेच विचारत राहिला.

"फेलिसिदादबाय," ते कळवळून म्हणाले, "ह्या दुःखात तुमची केबल पण गेली मां? माजी ओळख आसा. केबलवाल्याक धाडू काय?"

तिने त्यांच्या हातातून रिमोट घेतला आणि फोटोशेजारी ठेवला.

"नको भाई," ती म्हणाली. "तां बरोबर चलता."